मिरचीवरचा आळ

प्रश्न : मी मूळची चिपळूणची, वय 36. पुण्यात शिकताना ओळख झालेल्या इंडोनेशियन मुलाशी लग्न केलं आणि गेली चार वर्षं सुराबायाला सासरी राहते. सासूबाई रोज सांबाल, म्हणजे तिथली मिरचीची चटणी, वाटतात, त्यात तेरासी, म्हणजे आंबवलेल्या कोळंबीचा गोळा, घालतात. आठवड्यातून दोनदा बाजारातून पिंडांग तोंगकोल, म्हणजे मिठाच्या पाण्यात उकडलेला ट्यूनासारखा मासा, येतो. दीड वर्षापासून जेवणानंतर माझा चेहरा लाल होतो, नाक चोंदतं, डोकं ठणकतं, कधी अंगावर पित्त उठतं, कधी पोट बिघडतं. दर वेळी होतं असंही नाही. इंटरनेटवर वाचून हा हिस्टामिन इनटॉलरन्स असल्याचं लक्षात आलं. तिथल्या याद्या बघून चाळीसेक पदार्थ सोडले, सहा किलो वजन उतरलं. रोज ॲलर्जीवरची एक सेट्रिझिन गोळी घेते. एका प्रयोगशाळेत दोनशे पदार्थांची रक्ततपासणी करून घेतली, त्यात 31 पदार्थ ‘वर्ज्य’ निघाले. नवरा म्हणतो, मनाचे खेळ आहेत. सासूबाई बोलत काहीच नाहीत, पण ताटात सांबाल तसंच राहिलं की गप्प होतात. माहेरी आले की मिसळ, ठेचा, सगळं खाते, तेव्हा काही होत नाही. मी तिखट कायमचं सोडू, की सासरचं जेवणच?

उत्तर : पत्रातलं सगळ्यात मोलाचं वाक्य तुम्ही शेवटी, जाता जाता लिहिलंय. माहेरी मिसळ आणि ठेचा खाता आणि काही होत नाही. मग आरोपीच्या पिंजऱ्यात मिरचीला कुणी उभं केलं?

मिरची काय करते ते आधी बघू. तिच्यातलं कॅप्सेसिन तोंडातल्या, उष्णता ओळखणाऱ्या मज्जातंतूंना चकवतं. मेंदूला वाटतं, भाजलं. म्हणून घाम फुटतो, चेहरा लाल होतो, नाका-डोळ्यांतून पाणी वाहतं. हे सगळं जेवता जेवताच होतं आणि बहुधा अर्ध्या तासात ओसरतं. माझे एक काका तर पंगतीत खांद्यावर रुमाल टाकूनच ठेच्याला हात घालायचे. फार तिखट झालं तर पोटही बिघडतं. पण नुसत्या मिरचीने सहसा अंगावर पित्त उठत नाही आणि तासाभराने डोकं ठणकायला लागत नाही. तिखटाने नाक वाहतं, तुमचं चोंदतं, हाही फरक आहे. चाबे रावित ही तिथली बोटाच्या पेराएवढी मिरची जहाल खरी, पण आपल्या लवंगीच्या गावात वाढलेल्या माणसाला ती अगदीच परकी नाही.

म्हणजे मिरचीसोबत आणखी काहीतरी तुमच्या पोटात जातंय. ते हिस्टामिन असू शकतं. पण ‘लक्षात आलं’ असं तुम्ही लिहिलंत, तिथे मी थोडी अडखळले. लक्षात आलेलं नाही, तशी शंका आली आहे. ती रास्त आहे, पण तिच्या आधी दुसरी एक शंका फेडून घ्यायला हवी. तिच्याकडे येते.

हिस्टामिन आपल्या शरीरातही असतं आणि अन्नातून बाहेरूनही येतं. मासे, मांस, सोयाबीन यांत हिस्टिडिन नावाचं अमिनो आम्ल असतं. काही जिवाणू त्याचं हिस्टामिन करतात. पदार्थ आंबवला, मुरवला किंवा नुसता उबेत पडून राहिला की ते वाढत जातं. आतड्यातलं डीएओ नावाचं विकर ते मोडून टाकतं. ज्यांच्यात हे विकर कमी पडतं, किंवा मद्यामुळे नाहीतर काही औषधांमुळे त्याचं काम मंदावतं, त्यांना इतरांना सहज पचणाऱ्या प्रमाणाचाही त्रास होतो. चेहरा लाल होणं, डोकं दुखणं, नाक चोंदणं, पित्त उठणं, जुलाब, धडधड, असा सगळा पसारा. एक गोष्ट मात्र पक्की ध्यानात ठेवा : एकदा तयार झालेलं हिस्टामिन शिजवून, तळून, भाजून जात नाही, गोठवूनही जात नाही. सासूबाई तेरासी आधी निखाऱ्यावर किंवा तव्यावर भाजून घेत असतील, घरभर तो वास सुटत असेल. त्या भाजण्याने चव खुलते, हिस्टामिन जिथल्या तिथे राहतं.

आता थोडं गणित करू, कारण याद्या वाचून घाबरलेल्या माणसाला गणिताने बरं वाटतं. माशातल्या हिस्टामिनसाठी कोडेक्स या अन्नमानकं ठरवणाऱ्या संस्थेची आंतरराष्ट्रीय मर्यादा किलोमागे 200 मिलिग्रॅम आहे, आंबवलेल्या फिश सॉससाठी 400. तेरासी म्हणजे फिश सॉस नव्हे, पण अंदाजापुरता तोच आकडा घेऊ. तुमच्या वाट्याच्या सांबालात फार तर पाच ग्रॅम तेरासी असेल. हिशेब येतो दोन मिलिग्रॅम. पिंडांगचा दीडशे ग्रॅमचा तुकडा घ्या. मासा नियमात बसणारा असला तरी 30 मिलिग्रॅम होतात. तोच मासा मिठाच्या पाण्यात उकडण्याआधी उन्हात रखडला असेल, तर किलोमागे हजारच्या वरही आकडा जाऊ शकतो, मग तुकड्यामागे दीडशे. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2011 मध्ये निरोगी माणसाला एका वेळी 50 मिलिग्रॅमपर्यंत त्रास होत नाही असं म्हटलं होतं. ज्यांना इनटॉलरन्स आहे त्यांच्यासाठी मात्र असा सुरक्षित आकडा तिने दिलेला नाही, त्यांच्या अन्नात ते जवळपास नसलेलंच बरं, असं म्हटलं. तेव्हा दोन मिलिग्रॅम तुम्हाला अगदी निरुपद्रवी आहेत असं मी छातीठोकपणे म्हणणार नाही. पण हिस्टामिनच शोधत असाल, तर सांबालच्या वाटीआधी मी त्या बांबूच्या टोपलीकडे बघेन, जिच्यात पिंडांग विकायला येतो.

तोंगकोल ट्यूनाच्या कुळातला, आपल्याकडे कुपा म्हणतात त्याचा भाऊबंद. या कुळातल्या माशांत आणि बांगड्यात हिस्टिडिन मुळातच भरपूर. तुम्ही लहानपणी बांगडा खाल्ला तो बहुधा सकाळी होडीतून उतरलेला आणि दुपारी ताटात आलेला. मासा तोच असला तरी किती तास आणि किती उबेत राहिला, यावर सगळं ठरतं. म्हणून जरा आठवून बघा : पिंडांगच्या दिवशी त्रास झाला तेव्हा घरात आणखी कुणाचा चेहरा लाल झाला होता का, नवऱ्याचं डोकं दुखलं होतं का? एकाच माशाने चौघांना त्रास झाला तर तो तुमचा इनटॉलरन्स नव्हे, माशातूनच झालेली विषबाधा. ती कुणालाही होते. त्याचा उपाय तुमच्या ताटात नाही, मासेवाला बदलण्यात आहे.

आता ती दुसरी शंका. समजा मासा नसलेल्या दिवशीही, नुसत्या चमचाभर सांबालने, पाच-दहा मिनिटांत तुमच्या अंगावर पित्त उठतं, ओठ सुजतात किंवा घशात खवखवतं. मग हिस्टामिनपेक्षा कोळंबीची ॲलर्जी असण्याचा संभव मला जास्त वाटतो. तेरासी बनते रेबोन नावाच्या बारक्या कोळंबीपासून. ती आपल्या जवळ्याचीच सख्खी बहीण, दोन्ही एकाच ॲसेटिस कुळातल्या. आपण जवळा उन्हात खडखडीत वाळवतो आणि सुकट म्हणून डब्यात भरतो. तिथे ती मीठ लावून, कुटून, वाळवून, पुन्हा कुटून आंबवतात. आंबवल्याने हिस्टामिन येतं, पण कोळंबीचं प्रथिन दोन्हींत असतंच. ॲलर्जी त्या प्रथिनाची होते आणि तिला मिलिग्रॅमसुद्धा पुरतात. लहानपणापासून सुकट खाल्ली म्हणून तुम्ही सुटलात असं समजू नका, कोळंबीची ॲलर्जी मोठेपणीही सुरू होते.

यासाठी एक गोष्ट आठवायची, मुद्दाम खाऊन बघायची नाही. क्रुपुक उदांग, म्हणजे ते कुरकुरीत कोळंबीचे पापड, खाल्ल्यावर काय झालं होतं? सोतो लामोंगान या कोंबडीच्या रश्श्यावर पिवळसर भुकटी भुरभुरतात ना, ती कोया. तीसुद्धा कोळंबीचे पापड आणि तळलेला लसूण कुटून करतात. या दोन्हींत आंबवलेलं काही नसतं, कोळंबी मात्र असते. या दोन्हींनी त्रास झाला असेल तर पारडं ॲलर्जीकडे झुकतं. दोन्ही वर्षानुवर्षं बिनघोर खाताय आणि पिंडांगनेच दगा दिला असेल तर हिस्टामिनकडे. ‘दर वेळी होत नाही’ हे तुमचं वाक्यही थोडं हिस्टामिनच्या बाजूने जातं, कारण त्याचं प्रमाण माशागणिक बदलतं. पण पत्रावरून निकाल देणारी मी कोण? ॲलर्जीतज्ज्ञाकडे जाऊन कोळंबी, मासे आणि शेंगदाणे यांची त्वचाचाचणी किंवा आयजीई, म्हणजे ॲलर्जीची प्रतिपिंडं मोजणारी, रक्तचाचणी करून घ्या. त्वचाचाचणीच्या आधी काही दिवस सेट्रिझिन बंद ठेवावी लागते, नाहीतर चाचणी खोटी कोरी येते. ती कधी थांबवायची ते तेच सांगतील. आणि तोवर घसा आवळल्यासारखा वाटला, श्वास लागला किंवा चक्कर आली, तर गोळी घेऊन बिछान्यावर पडू नका. थेट रुग्णालयाच्या आयजीडीत, म्हणजे तातडीच्या विभागात, जायचं.

दोनशे पदार्थांच्या त्या तपासणीबद्दल मला जरा रागच आला. तुमचा नाही, विकणाऱ्यांचा. अशा तपासण्या बहुतेक आयजीजी प्रतिपिंडं मोजतात. ती प्रतिपिंडं आपण जे खातो त्याची शरीराने ठेवलेली नोंद असते, आजाराची खूण नव्हे. युरोपातल्या ॲलर्जीतज्ज्ञांच्या संघटनेने 2008 मध्येच सांगितलंय की अन्न न मानवण्याच्या निदानासाठी ही तपासणी वापरू नये. ते 31 पदार्थ तुमच्या रोजच्या जेवणातलेच असतील, पडताळून बघा. कागद फाडून टाका म्हणणार नाही, पैसे मोजलेत. पण स्वयंपाकघरात तो लावू नका. रक्तातलं डीएओ मोजणारी चाचणीही एकटीच्या बळावर निदान करण्याइतकी भरवशाची नाही. त्यापेक्षा डॉक्टरांना सीलिॲक (गव्हातल्या ग्लूटेनने होणारा आतड्याचा आजार), लॅक्टोज म्हणजे दुधातली साखर न पचणं आणि आतड्याचे इतर आजार तपासायला सांगा. आणि चालू असलेल्या सगळ्या औषधांची यादी न्या, वेदनाशामकं आणि रक्तदाबाच्या गोळ्यांसकट, कारण काही औषधं डीएओच्या आड येतात. अशीच तक्रार असलेल्या इतर वाचकांनीही हेच करावं.

ॲलर्जी नाही असं ठरलं, तर मग हिस्टामिनची परीक्षा घ्यायची. ती तुमच्या आत्ताच्या पद्धतीने नाही. तुम्ही दीड वर्ष एकेक पदार्थ सोडतच चाललाय आणि परत एकही आणलेला नाही. त्यामुळे नक्की कशाने त्रास होतो हे आजही तुम्हाला माहीत नाही, आणि सहा किलो मात्र गेले. खरी रीत अशी की दहा ते चौदा दिवस हिस्टामिन भरपूर असलेले पदार्थ बाजूला ठेवायचे, फार तर चार आठवडे. त्या दिवसांत फरक पडला नाही तर संशय चुकीचा होता, सगळं परत सुरू. पडला, तर पुढचे काही आठवडे दर तीन दिवसांनी एकेक पदार्थ परत आणायचा आणि वहीत लिहायचं : काय खाल्लं, किती, ताजं की कालचं, किती वाजता, किती वेळाने काय झालं. झोप आणि पाळीची तारीखही लिहा. ‘सांबाल खाल्लं’ एवढंच लिहू नका. त्यात टोमॅटो होता का, तेरासी होती का, कुठून आणलं होतं, हे लिहा.

हे दोन आठवडे सुराबायात उपाशी काढावे लागतील असं मुळीच नाही. बाजूला ठेवायचे ते तेरासी, पेतिस (कोळंबीचा आटवलेला काळा अर्क), केचाप मानिस (गोड सोया सॉस), ताओचो (आंबवलेल्या सोयाबीनचा लगदा), सुके खारवलेले मासे, पिंडांग आणि टोमॅटो. टेंपे, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनची वडी, हेही, पण ते परत आणण्याच्या रांगेत पहिलं ठेवा, आणि आणाल तेव्हा ताजं, पांढरंशुभ्र. सांबाल तुंपांग या पदार्थासाठी मुद्दाम उग्र होऊ दिलेलं टेंपे वापरतात, ते नको. उरतं ते बघा. हळद, धणे, लसूण आणि आल्याच्या जातीचं लेंगकुआस लावून वाफवलेली आणि मग तळलेली ताजी कोंबडी. नारळाच्या दुधातलं ओपोर आयाम, ज्यात मिरची जवळपास नसतेच. कोयाशिवायचं सोतो. गोमांस खात असाल तर रेंडांगमध्येही तेरासी लागत नाही, फक्त ते त्याच दिवशीचं हवं, तिसऱ्या दिवशी पुन्हा गरम केलेलं नको. आणि मासा सोडवत नसेल तर बाजारात पाण्याच्या टाकीत जिवंत पोहणारे गुरामे आणि लेले हे गोड्या पाण्यातले मासे असतात. लेले म्हणजे मांगुर, आपल्या आडनावाशी काही संबंध नाही. डोळ्यांदेखत कापून घ्या, त्याच तासात तळा. हिस्टामिनला तयार व्हायला सवडच मिळत नाही.

उरलेलं अन्न टेबलावर जाळीखाली झाकून ठेवायची पद्धत तिथेही आहे, आपल्याकडेही होती. तिशी ओलांडलेल्या तापमानात या दोन आठवड्यांपुरती ती मोडा. जेवण झाल्या झाल्या डबा फ्रीझरमध्ये. बाहेर जेवायचं तर पाडांग पद्धतीच्या दुकानांत काचेमागे थाळ्यांवर थाळ्या रचलेल्या दिसतात, त्या सकाळपासून तिथे असतात. समोर तळून देणारा गाडा त्यापेक्षा बरा. मागताना ‘तान्पा तेरासी’, म्हणजे तेरासीशिवाय, म्हणायचं.

आता सांबालचं. तुम्ही पूर्व जावात राहता आणि तिथल्याच घराघरांत सांबाल बावांग करतात : मिरच्या, लसूण किंवा छोटे कांदे, मीठ, आणि वरून कडकडीत तेल. तेरासी नाही, टोमॅटो नाही. ओळखीचं वाटतंय ना? हा आपला ठेचाच आहे, फक्त शेंगदाण्याशिवायचा. सासूबाईंचा तो चोबेक, पसरट दगडी ताटलीसारखा, आणि हाताच्या कोनात वळणारा बत्ता, हे तुम्हाला पाट्या-वरवंट्याच्या सवयीने सहज जमेल. एका सकाळी त्यांच्या शेजारी जमिनीवर बसा आणि तुमच्या आईचा ठेचा त्यांच्याच चोबेकात त्यांच्याच मिरच्यांनी वाटून दाखवा. मिरची सोडल्याचं त्यांना दुःख असेल असं मला नाही वाटत. सून आपल्या हातचं खात नाही, हे ते दुःख आहे. त्यांना समजावायला हिस्टामिन हा शब्द कुचकामी आहे. जावानी माणसं म्हणतात ‘चोचोक नाही’, औषध चोचोक नाही, हवा चोचोक नाही. आपण ‘मानवत नाही’ म्हणतो अगदी तेच. त्यात चव वाईट असल्याचा आरोप नसतो, आजाराचा बाऊही नसतो. ‘माझ्या अंगाला तेरासी चोचोक नाही, ईबू’ एवढं वाक्य बहासात म्हणा आणि ताट पुढे करून सांबाल बावांग मागून घ्या. नकार आणि मागणी एकाच दमात आली की त्यातली कडू चव जाते. ताटात वाढलेलं तसंच ठेवून उठू नका. ‘नको’ म्हणायला तुम्हाला संकोच वाटतो, त्याला ते सुंगकान म्हणतात. तुमच्यासारखाच तो त्यांनाही वाटत असणार, म्हणून त्या गप्प होतात.

नवऱ्याला काय सांगायचं? फार काही नको. वही त्याच्याकडे द्या, आठवड्यातले चार दिवस नोंद त्यालाच करू दे. पित्ताच्या गांधींचा मोबाइलवर फोटो काढायला सांगा, वेळ दिसेल असा. त्या फोटोंचा डॉक्टरांना उपयोग होईल आणि त्यालाही. काळजी वाढली की तक्रारी वाढतात, हे त्याचं म्हणणं निम्मं खरं असू शकतं. दीड वर्ष प्रत्येक घास संशयाने खाणाऱ्या माणसाचं पोट शांत कसं राहील? पण अंगावर उठलेलं पित्त फोटोत दिसतं, ते मनाचं नव्हे.

डीएओच्या कॅप्सूलबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण याद्या वाचलेल्या माणसापर्यंत त्यांची जाहिरात पोचलेली असतेच. जेवणाआधी घ्यायच्या त्या गोळ्या बहुतेक डुकराच्या मूत्रपिंडातून काढतात. सासरी हलाल पाळत असाल किंवा तुम्ही स्वतः ते खात नसाल, तर आधीच माहीत असलेलं बरं. त्यांनी काहींना बरं वाटतं, पण पुरावा तोकडा आहे आणि कोळंबीच्या ॲलर्जीत त्या निरुपयोगी आहेत. सेट्रिझिन हिस्टामिन काढून टाकत नाही, त्याचं दार काही तास अडवते. रोजची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याशिवाय चालू ठेवू नका. त्या गोळीने तुमच्या वहीतली नोंदही पुसली जाते.

तेव्हा तिखट सोडू नका आणि सासरचं जेवणही नको सोडायला. आधी तपासणी, मग चौदा दिवस, मग एकेक पदार्थ परत. तेरासी शेवटची आणा, तीही ॲलर्जी नाही हे ठरल्यावरच, पाव चमचा, घरच्या सांबालात, घरात कुणीतरी असताना. रुजाक चिंगुर या तिथल्या भाज्या-फळांच्या कोशिंबिरीचा विचार मात्र यंदा करू नका. त्यात पेतिस चमचाभर नसतं, अख्खी ताटली त्यात काळीभोर बुडालेली असते.